अनुदानानंतरचा जमाखर्च

नवी पेढी उघडताना व्यापारी दोन प्रश्न विचारतो. भांडवल कोठून येणार आणि दरमहाचा खर्च कशातून भागणार? वारसास्थळांच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की दुसरा सहसा मागे पडतो. अनुदान मंजूर होते, जीर्णोद्धार होतो, कोनशिला बसते. दोन-चार पावसाळ्यांनंतर भिंतीच्या सांध्यांत पिंपळाची रोपे उगवतात आणि पुन्हा अनुदानासाठी अर्ज केला जातो.

नागपूर परिसरातील उदाहरण बोलके आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने ‘स्वदेश दर्शन’ योजनेखाली २०१८-१९ मध्ये वाकी, आदासा, धापेवाडा, पारडसिंगा, तेलंगखेडी आणि वर्धा जिल्ह्यातील गिरड आदी श्रद्धास्थानांच्या साखळीसाठी सुमारे ५४ कोटी रुपये मंजूर केले. या योजनेत सार्वजनिक सुविधा उभारण्याचा पूर्ण खर्च केंद्र करते. त्या पुढे चालविण्याची आणि राखण्याची जबाबदारी राज्याकडे असते. भक्तनिवासाचा दिवा, स्वच्छतागृहाचे पाणी, पहारेकऱ्याचा पगार यांपैकी काहीही बांधकामाच्या अनुदानातून निघत नाही. म्हणूनच अनुदानाच्या प्रस्तावाबरोबर किमान दहा वर्षांचा व्यवसाय आराखडा तयार असणे अगत्याचे आहे.

या आराखड्यात तीन खाती स्वतंत्र असावीत. पहिले भांडवली खर्चाचे. अनुदान बहुधा हप्त्यांनी येते आणि आधीच्या रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. मधल्या काळात कंत्राटदाराचे देणे कशातून द्यायचे, हे आधीच ठरलेले हवे. दुसरे चालू खर्चाचे. नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो, त्यामुळे पर्यटकांची खरी वर्दळ हिवाळ्यात असते; पगार मात्र बाराही महिने द्यावे लागतात. तिसरे खाते मोठ्या दुरुस्तीचे. छत, चुन्याचा गिलावा, विजेच्या तारा यांचे आयुष्य मर्यादित असते. त्यासाठी दरवर्षी घसाऱ्याप्रमाणे रक्कम बाजूला काढली नाही, तर तो बोजा एकाच वर्षी अंगावर येतो.

उत्पन्नाचे मार्गही पारखून घ्यावे लागतात. किल्ल्याला प्रवेशशुल्क लावता येते, देवस्थानाला ते शोभत नाही. वाहनतळ, उपाहारगृह, माहितीपुस्तिका व वाटाड्याची सेवा यांतून काही रक्कम उभी राहते, परंतु तिचा अंदाज सणावारांच्या गर्दीवरून न बांधता सामान्य दिवसांवरून बांधावा. राज्याच्या स्मारक संगोपन योजनेखाली धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग किल्ला २०१४ मध्ये दहा वर्षांच्या कराराने सोलापूरच्या एका खाजगी कंपनीकडे देखभालीसाठी देण्यात आला. तेथे बागा फुलल्या, पर्यटकांची सोय झाली. अशा करारालाही मुदत असते. ती संपल्यावर बागेला पाणी कोण घालणार, हे आराखड्यात पहिल्या दिवसापासून लिहिलेले असावे.

शुल्क व सेवांमधून न भागणारी तूट कायम निधीच्या व्याजातून भरावी लागते. समजा, वार्षिक तूट सहा लाखांची आहे आणि ठेवीवर सात टक्के व्याज मिळते. वरवर पाहता ८६ लाखांचा निधी पुरेसा वाटतो. परंतु महागाई चार टक्के धरली, तर मुद्दलाचे मोल टिकविण्यासाठी तेवढे व्याज निधीतच परत घालावे लागेल. खर्चासाठी तीन टक्केच उरतील, म्हणजे निधी दोन कोटींचा लागेल. धर्मादाय संस्थेने उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांसाठी वापरण्याचा आयकराचा नियम असल्याने ही मांडणी सनदी लेखापालाकडून तपासून घेणे श्रेयस्कर.

हे गणित जैन समाजाला नवे नाही. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत देवद्रव्य साधारण खात्याकडे वळविता येत नाही. बोलीला लाखांनी रक्कम जमते, तरी कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी साधारण खात्याची झोळी फिरवावी लागते, हा अनेक संघांचा अनुभव आहे. सरकारी अनुदानालाही अशीच मर्यादा असते. ज्या कामासाठी पैसा दिला, त्याच कामावर तो खर्च करावा लागतो.

दात्यांच्या विचारात या बाबीला स्थान मिळणे आवश्यक आहे. सभामंडप, प्रवेशद्वार किंवा भोजनशाळा यांसाठी नाव देणारे कुटुंब सहज मिळते. झाडूवाल्याच्या पगारासाठी पुढे येणारे विरळा. दात्याने देणगीचा ठरावीक हिस्सा देखभाल निधीसाठी राखून ठेवण्याची लेखी अट घातली, तर विश्वस्तांच्या हाताला बळ येईल. विश्वस्तांनीही मंजुरीपत्रावर स्वाक्षरी करण्यापूर्वी एकच आकडा मागावा: काम पूर्ण झाल्यानंतरच्या पाचव्या वर्षाचा खर्च. तो कोठून येणार याचे उत्तर नसेल, तर काम लहान करावे. जेवढे राखता येईल, तेवढेच उभारावे.