मोबाइलचा खरा धनी कोण?

बैलजोडीचा सौदा कसा होतो हें केशोरीच्या मुलांस सांगावयास नको. पैसे मोजले, दावें विकणाऱ्याच्या हातांतून घेणाऱ्याच्या हातीं आलें, कीं व्यवहार संपला. त्यानंतर तो बैल कोणत्या बांधींत जुंपावा किंवा पुढें कोणास विकावा, याविषयीं जुन्या मालकास एक शब्दही बोलतां येत नाहीं. आतां दुसरा सौदा पाहा. वडील दहा-बारा हजार रुपये मोजून नवा मोबाइल घरीं आणतात. खोका उघडून तो चालू करावा, तों त्यांत कितीतरी ॲपें आधींच ठाण मांडून बसलेलीं! त्यांतील पुष्कळशीं घरांत कोणीं मागितलेलीं नसतात, आणि कांहीं काढूं म्हटल्यास निघत नाहींत. येथें दाव्याचें एक टोंक विकणाऱ्यानें आपल्या हातीं धरून ठेविलें आहे. तें कसें, व तें सोडविण्याचा प्रयत्न कोणीं केला, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

मोबाइल हें यंत्र एक कंपनी बनविते, परंतु तें चालविणारी ऑपरेटिंग सिस्टिम बहुधा दुसरीच्या मालकीची असते. भारतांतील शंभर स्मार्टफोनांपैकीं नव्वदांहून अधिक अँड्रॉइडवर चालतात, आणि अँड्रॉइड ही गूगल कंपनीची आहे. तिचा मूळ सांगाडा फुकट व सर्वांस खुला आहे. परंतु नवीं ॲपें जेथून उतरवून घ्यावयाचीं तें प्ले स्टोअर तसें खुलें नाहीं. तें गूगलशीं करार केल्यावांचून फोनांत घालतां येत नाहीं. प्ले स्टोअर नसलेला फोन दुकानांत कोण घेणार? कंपनीचें सारें बळ या एका ठिकाणीं एकवटलें आहे.

दृष्टांतानें सांगतों. समजा, केशोरीची सारी मिरची एकाच घाऊक व्यापाऱ्याच्या हातीं आहे. तो गांवोगांवच्या दुकानदारांस म्हणतो, “मिरचीचे पैसे घेत नाहीं, पण तिच्याबरोबर माझी हळद, माझें मीठ, माझा चहा, अशा मिरची धरून अकरा जिनसा तुम्हीं ठेविल्या पाहिजेत, आणि माझी पाटी दर्शनी भागीं लाविली पाहिजे.” दुकानदारास नाहीं म्हणण्याची सोय नाहीं, कारण मिरची नसलेल्या दुकानाची पायरी गिऱ्हाईक चढत नाहीं. मग दुसऱ्या कोणाची हळद कितीही उत्तम असो, ती मागच्या फळीवर धूळ खात पडावयाची. गूगलचे मोबाइल बनविणाऱ्यांशीं झालेले करार याच धर्तीचे होते. प्ले स्टोअर हवें तर क्रोम, यूट्यूब, जीमेल, नकाशे वगैरे एकंदर अकरा ॲपें भरावींत, आणि गूगलच्या शोधाची चौकट पहिल्याच पडद्यावर ठेवावी. शिवाय अँड्रॉइडच्या सांगाड्यावरून दुसऱ्या कोणीं वेगळी पद्धति उभारल्यास तसले फोन बनविण्यासही मनाई!

याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार गेली ती २०१८ सालीं. ती करणारी कोणी मोठी पेढी नव्हती. तिघे तरुण होते, व त्यांतील एक तर अद्याप कायद्याचा विद्यार्थीच होता. विद्यार्थी वाचकांनीं हें अवश्य लक्षांत घ्यावें. एप्रिल २०१९ मध्यें आयोगानें चौकशीचा हुकूम दिला, आणि ता. २० ऑक्टोबर २०२२ रोजीं निकाल लागला. गूगलनें आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केला असें ठरवून आयोगानें तीस १,३३७.७६ कोटि रुपये दंड केला. त्याबरोबर दहा आज्ञाही दिल्या: कोणतीं ॲपें भरावींत हें मोबाइल बनविणाऱ्यानें ठरवावें, शोधयंत्र ग्राहकास आरंभींच निवडूं द्यावें, आणि आधीं भरलेलीं ॲपें काढून टाकण्यास त्यास अडवूं नये, इत्यादि. जानेवारी २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या आज्ञांस तहकुबी देण्याचें नाकारलें. तेव्हां त्याच महिन्यांत गूगलनें भारतापुरते कांहीं बदल जाहीर केले. उत्पादकांस हवीं तेवढींच ॲपें घेतां येतील, व ग्राहकास शोधयंत्र निवडतां येईल, हे त्यांतील मुख्य होत.

परंतु गोष्ट येथें संपली नाहीं. ता. २९ मार्च २०२३ रोजीं राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणानें दंड कायम ठेविला, मात्र दहांपैकीं चार आज्ञा रद्द केल्या. आधीं भरलेलीं ॲपें काढूं देण्याची आज्ञा त्या चारांतच होती. म्हणजे सामान्य माणसाच्या मनांत जो प्रश्न सर्वांत आधीं येतो, नेमका तोच गळाला! फोनांत ‘डिसेबल’ नांवाची सोय असते खरी. तिनें ॲप निजतें. घर सोडीत नाहीं.

न्यायास धरून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अँड्रॉइड फुकट मिळाली म्हणून मोबाइल स्वस्त झाले, असें गूगल म्हणते. आणि तें अगदींच खोटें नव्हे. जुलै २०१८ मध्यें युरोपांत तीस ४३४ कोटि युरोंचा दंड झाला, तेव्हां त्याच वर्षीं तिनें तेथील उत्पादकांकडून आपल्या ॲपांसाठीं शुल्क घेण्याचें जाहीर केलें. फुकट मिरचीचा दाम कोठें ना कोठें द्यावा लागतोच. तो उघड सांगितलेला बरा, एवढेंच माझें म्हणणें आहे.

कोणी विचारील, हे दिल्लीचे कज्जे. धान पिकविणाऱ्या अर्जुनी मोरगांव तालुक्यास त्यांचें काय? तर ता. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः बांधावर उभें राहून मोबाइलवर करावयाची झाली. नोंद राहिली तर विमा, नुकसानभरपाई, धानाची विक्री, सर्वत्र अडचण. ज्या घरांत एकच स्वस्त फोन आहे व त्याची जागा भरून गेली आहे, तेथें न मागितलेलें एकेक ॲप म्हणजे कोठारांत शिरलेला उंदीर होय.

ग्राहकाच्या दाव्यास कंपनीच तेवढी हात घालते असेंही नाहीं. ता. २८ नोव्हेंबर २०२५ रोजीं केंद्राच्या दूरसंचार विभागानें मोबाइल उत्पादकांस आज्ञा दिली कीं, ९० दिवसांच्या आंत प्रत्येक नव्या फोनांत सरकारचें ‘संचार साथी’ हें ॲप आधींच घालावें, व तें निकामी होऊं देऊं नये. ॲप उपयोगी आहे. हरवलेला फोन बंद करण्यास व फसवणुकीची वर्दी देण्यास तें साहाय्य करतें. परंतु उपयोगी वस्तुही सक्तीनें घरांत बसविली कीं लोकांस शंका येते. देशभर गलबला झाला, आणि ३ डिसेंबरला सरकारनें ती सक्ती मागें घेतली. गूगलच्या प्रकरणास निकालापर्यंत चार वर्षें लागलीं. यास एक आठवडाही लागला नाहीं!

राहतां राहिला दुरुस्तीचा प्रश्न, आणि पालकांच्या खिशास तोच अधिक झोंबतो. पडदा फुटला किंवा बॅटरी थकली, तर सुटा भाग कंपनीवांचून मिळत नाहीं, व दुरुस्तीचा खर्च ऐकून माणूस नवाच फोन घेतो. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें यासाठीं समिति नेमली. तिनें निवडलेल्या चार वर्गांत मोबाइल, घरगुती यंत्रें व मोटारगाड्या यांच्याबरोबर शेतीचीं अवजारेंही आहेत. ता. २४ डिसेंबर २०२२ रोजीं ‘राइट टु रिपेअर’ हें पोर्टल उघडण्यांत आलें. त्यावर कंपन्या दुरुस्तीची माहिती, सुट्या भागांचे भाव व केंद्रांचे पत्ते देतात. परंतु पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. सदोष माल गळ्यांत पडल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीकडे तक्रार करतां येते, आणि तेवढ्यानें न भागल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें गोंदियाच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करतां येतो. दोहींकडे खरेदीचा पुरावा उपयोगीं पडतो. यास्तव फोनाचा खोका मुलांनीं खेळावयास घेतला तरी आंतील पावती तेवढी काढून ठेवावी.