गोवर मोजायचा कसा?

खापरखेड्यासारख्या गावात एखाद्या लेकराच्या अंगावर गोवर उठला, घरच्यांनी उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला नि आठवड्याभरात पोर खेळायला लागलं, तर तो रुग्ण सरकारी नोंदीत येईलच असं नाही. जगभर हीच गत. म्हणून जागतिक आरोग्य संघटना नोंदींना गणिताची जोड देते: मुलं किती जन्मली, लस किती जणांना मिळाली आणि नवव्या महिन्यातल्या पहिल्या डोसनंतरही असुरक्षित राहणारी (साधारण शंभरात १५) किती. त्यातून रुग्णसंख्या काढायची, तिला वयानुसार मृत्यूचं प्रमाण लावायचं. २०२३ साठी उत्तर आलं: सुमारे १ कोटी ३ लाख रुग्ण, १,०७,५०० मृत्यू. अंदाजच, पण नुसत्या नोंदींपेक्षा भरवशाचा. या गणितात लसीचा आकडा का महत्त्वाचा, ते मुंबईत दिसलं: गोवंडीला २०२२ च्या अखेरीस साथ उसळली, ती बहुतांशी लस चुकलेल्या मुलांमध्येच.