राजीनामा सर्वात शेवटी

हिंजवडीत किंवा पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात नोकरी करणाऱ्यांच्या गप्पांत एक बेत हमखास निघतो. पुरे झाली ही नोकरी, मावळात थोडी जागा घेऊ, पवना धरणाच्या काठी तंबू लावू, नाहीतर कामशेतच्या पुढे भाजीपाला करू. बेतात गैर काहीच नाही. मात्र त्याच्याभोवती काही समज घट्ट बसले आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच कल्पना आहे, ती म्हणजे उद्योगाची सुरुवात राजीनाम्याने होते. पुरावे तपासले तर क्रम उलटा दिसतो. सुरुवात गिऱ्हाइकापासून होते. राजीनाम्याची पाळी पुष्कळ नंतर येते.

गैरसमज 1: परतीचे दोर कापल्याशिवाय धंद्यात जीव ओतता येत नाही

सिंहगडाच्या लढाईची गोष्ट मराठी माणसाला तोंडपाठ असते. ती नीट आठवली तर लक्षात येईल, की दोर कापले गेले ते मावळे गडावर चढून गेल्यानंतर. पायथ्याशी उभे राहून कुणी दोर कापले नव्हते. जोसेफ रॅफी आणि जी फेंग या संशोधकांनी 2014 मध्ये अमेरिकेतल्या माहितीच्या आधारे दाखवले, की नोकरी सांभाळून व्यवसाय सुरू करणारे आणि मग पूर्णवेळ त्यात उतरणारे यांचा व्यवसाय बंद पडण्याची शक्यता, थेट नोकरी सोडून उडी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. आपल्याकडचा इतिहासही हेच सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, तेव्हाच बेळगावात भाऊ रामूअण्णांच्या हाती सायकलींचा व्यवसाय सुरू झाला होता. बढती डावलली गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली, पण तेव्हा जायला दुकान होते. अलीकडचे उदाहरण पिंपरीचे. हणमंतराव गायकवाड टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, अभियंता होते. 1997 मध्ये त्याच कंपनीच्या इंडिका प्रकल्पातले हाउसकीपिंगचे काम घेऊन त्यांनी मोजक्या माणसांनिशी सुरुवात केली आणि त्यातून पुढे बीव्हीजी ही सेवा पुरवणारी कंपनी उभी राहिली. पहिले गिऱ्हाईक जुन्या कंपनीच्या फाटकाच्या आतच होते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. नोकरीच्या करारात दुसरे काम करायला मनाई असते, आणि 2022 मध्ये विप्रोने याच कारणावरून 300 जणांना काढलेही. खरे आहे; नोकरीत असताना ते बंधन पाळावेच लागते आणि कंपनीची गोपनीय माहिती नंतरही वापरता येत नाही. पण नोकरी सुटल्यावर त्याच क्षेत्रात व्यवसाय करू नये, ही अट भारतीय करार कायद्याच्या कलम 27 मुळे सहसा टिकत नाही. मधल्या काळासाठी वाटा आहेत. लेखी परवानगी मागता येते, घरच्या माणसाने किंवा भागीदाराने व्यवसाय चालवायचा हा किर्लोस्करांचा मार्ग आहे, आणि बाजार जोखायला तर कुठलाच करार आडवा येत नाही.

गैरसमज 2: मावळात जागा घेतली की निम्मा धंदा उभा राहिला

इथे पहिली ठेच सातबाऱ्यावर लागते. कुळवहिवाट कायद्याच्या कलम 63 नुसार शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. शेतजमिनीवर हॉटेल किंवा रिसॉर्ट बांधायचे तर बिनशेती वापराच्या नियमांचा प्रश्न येतो. राज्याचे 2020 चे कृषी पर्यटन धोरणही शेतकरी आणि शेतीशी संबंधित संस्थांसाठी आहे; शहरातून आलेल्या गुंतवणूकदाराने पडीक माळावर चार खोल्या बांधल्या म्हणून तो त्यात बसत नाही. जागेचे जमले, तरी हंगाम आहे. लोणावळ्याची गर्दी पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारची, पवनेकाठच्या तंबूंची मुख्यतः पाऊस सरल्यानंतरची. 30 जून 2024 रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि प्रशासनाने पर्यटनस्थळांवर निर्बंध आणले. तसे निर्बंध योग्यच असतात, पण वर्षाची कमाई मोजक्या शनिवार-रविवारांवर टांगलेल्या व्यवसायाला त्यांचा हिशेब आधीच धरावा लागतो.

मावळात जे खरोखर चालते ते जवळून पाहिले, तर जागेपेक्षा तारखेची आणि बाजाराची किंमत कळते. तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमधले आणि पवन मावळातले गुलाब-उत्पादक 14 फेब्रुवारीसाठी डिसेंबरच्या पूर्वार्धातच झाडांची छाटणी करतात. तिथून फूल हाती यायला साधारण 45 ते 50 दिवस लागतात. परदेशी जाणारा माल जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून निघतो, देशी बाजार त्यानंतर. कळी उमलण्याआधी तोडायची, दांड्याच्या लांबीप्रमाणे प्रतवारी करायची, वीस-वीस फुलांचे बंच बांधायचे आणि लगेच शीतगृहात न्यायचे. थंडी लांबली की फूल मागे पडते, ऊन चढले की आधी उमलते, आणि आठवडाभराची चूक झाली तरी तेच फूल पडेल भावाने द्यावे लागते. कंपनीतल्या माणसाला हे जमणार नाही असे नाही. तळेगावच्याच हॉर्टिकल्चर ट्रेनिंग सेंटरमध्ये पॉलिहाउस शेतीचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण मिळते. त्यासाठी रजा टाकली तरी पुरते, राजीनामा लागत नाही.

गैरसमज 3: तिशी उलटली की वेळ गेली

पियेर अझुले आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सर्वाधिक वेगाने वाढलेल्या, हजारात एक म्हणाव्यात अशा नव्या कंपन्या तपासल्या. कंपनी सुरू करताना त्यांच्या संस्थापकांचे सरासरी वय 45 वर्षे निघाले. त्याच क्षेत्रातल्या कामाचा अनुभव असलेल्यांना यश मिळण्याची शक्यताही जास्त दिसली. नोकरीतली वीस वर्षे वाया गेली असे मानणाऱ्याने हा निष्कर्ष लक्षात घ्यावा. पुरवठादार कोण, खरेदीचा निर्णय कोण घेतो, बिल कुठे अडकते, हे त्याच वर्षांत कळलेले असते.

गैरसमज 4: नोकरी म्हणजे सुरक्षितता, धंद्यात दहातले नऊ बुडतात

यातला पहिला भाग तळेगावात तपासता येतो. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना 2008 मध्ये सुरू झाला, डिसेंबर 2020 मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि 2023 मध्ये तो ह्युंदाईने घेण्याचा करार झाला. कारखान्याला मालक मिळाला. जुने कामगार मात्र आपल्या हक्कांसाठी झगडत राहिले. दुसऱ्या भागातला आकडा फुगवलेला आहे. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या नोंदींनुसार पहिल्या वर्षी साधारण पाचातला एक नवा व्यवसाय बंद होतो आणि पाच वर्षांत सुमारे निम्मे. तरी याचा अर्थ धंद्यात पैसाच पैसा असा नाही. बार्टन हॅमिल्टन यांच्या 2000 मधल्या अभ्यासात दहा वर्षे व्यवसाय केलेल्यांची मध्यक कमाई, तेवढ्याच काळात नोकरीत मिळाली असती त्यापेक्षा 35 टक्क्यांनी कमी आढळली. उलट गुस्तावो मान्सो यांना 2016 मध्ये असे दिसले, की व्यवसाय करून पाहून नोकरीत परतणाऱ्यांचे आयुष्यभराच्या कमाईत फारसे नुकसान होत नाही. प्रयोग महाग पडतो तो लांबला आणि कर्जावर चालला तर.

हे आकडे अमेरिकेचे, आपल्याला काय लागू, असा प्रश्न कुणी विचारेल. आपल्याकडे बेकारभत्त्याचा भक्कम आधार नाही आणि पडल्यावर सावरायचे ते घरच्यांनीच. म्हणजे सावधपणाचे कारण इथे अधिकच आहे. नोकरी सुटली की कंपनीचा आरोग्य विमा जातो. गृहकर्जासाठी बँक व्यावसायिकाकडे दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते, पगारदाराला सॅलरी स्लिपवर भागते. ग्रॅच्युइटीला सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते. ही कामे नोकरीत असतानाच मार्गी लावायची असतात. आणि मुख्य कसोटी एकच: नात्यातल्या नाही, ओळखीतल्याही नाही, अशा कुणी पूर्ण किंमत मोजून माल घेतला आणि तोच माणूस पुन्हा घ्यायला आला का? उत्तर होय असेल, तर राजीनामा ही केवळ तारीख ठरवण्याची बाब उरते. उत्तर नाही असेल, तर राजीनामा देऊनही ते बदलणार नाही.