स्लॅमवरचा डबल भिडूसाठी असतो

चंद्रपूर-गडचिरोलीकडे पत्ते म्हटले की मेंढीकोट. आणि ज्याला मेंढीकोट चांगला येतो, त्याचं ब्रिजचं निम्मं शिक्षण झालेलं असतं, असं माझं ठाम मत आहे. समोरासमोर बसलेले भिडू, हुकूम, उतारी, हात मोजणं, गेलेली पानं लक्षात ठेवणं, हे सगळं ब्रिजमध्येही आहेच. नव्याने शिकावी लागते ती बोली. भुवई उडवून, पान आपटून किंवा उगाच रेंगाळून भिडूला काही कळवणं ब्रिजच्या नियमांत बसत नाही. बोलायचं ते बोलीतूनच. सात पातळ्या आणि प्रत्येक पातळीवर पाच पर्याय, म्हणजे 35 बोल्या. त्यात पास, डबल आणि रिडबल धरले की 38. एवढ्या तुटपुंज्या शब्दसंग्रहात तेरा पानांचं वर्णन करायचं असतं.

या 38 मधला सर्वांत गैरसमज झालेला शब्द म्हणजे डबल. नवशिक्याला वाटतं, डबल म्हणजे आव्हान: तुमचा डाव बुडणार, दंड दुप्पट भरा. खालच्या पातळीवर कधी कधी तसं असतंही. पण समोरच्यांनी स्लॅम बोलला, म्हणजे तेरापैकी बारा हात करण्याची हमी दिली, तर हिशेब पार बदलतो.

आकडेच पाहू. समोरचे व्हल्नरेबल नाहीत, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही कमी दराने आहेत, आणि त्यांनी सहा इस्पिक बोलले आहेत. डाव झाला तर त्यांना 980 गुण. एका हाताने बुडाला तर आपल्याला 50. आता डबल करा. बुडाला तर 100 मिळतील, पण झाला तर त्यांचे 1210 होतील. म्हणजे 50 जास्तीचे मिळावेत म्हणून 230 पणाला लावायचे. विचारपूर्वक स्लॅम बोलणारे लोक तीन-चार हातांनी क्वचितच बुडतात, तेव्हा नुसत्या दंडासाठी केलेला हा सौदा तोट्याचाच.

मग तिथे डबलचा उपयोग काय? या प्रश्नाचं उत्तर अमेरिकी खेळाडू थिओडोर लाइटनर याने दिलं. हॅरोल्ड व्हँडरबिल्टने 1925 मध्ये एका सागरी प्रवासात काँट्रॅक्ट ब्रिजच्या गुणांकनाला आकार दिला. त्यानंतर काही वर्षांतच लाइटनरची कल्पना पुढे आली. 1931-32 च्या गाजलेल्या कल्बर्टसन-लेन्झ सामन्यात कल्बर्टसनसमोर भिडू म्हणून काही काळ बसलेला लाइटनर तो हाच. त्याचं म्हणणं असं: दंडासाठी डबल करणं जर मूर्खपणाचं, तर तो शब्द रिकामाच पडला आहे. तो उतारी सुचवायला वापरा. ज्याची उतारी नाही त्याने स्लॅमवर डबल केला, तर भिडूला निरोप असा: नेहमीची उतारी करू नकोस. हुकूम नको, आपण बोललेला रंग नको, कुणीच न बोललेला रंगही नको. वेगळं काही शोध. बहुतेक वेळा ते ‘वेगळं’ म्हणजे डमीने (डाव खेळणाऱ्याच्या भिडूने, ज्याची पानं टेबलावर उघडी मांडली जातात) आधी बोललेला रंग असतो.

एक डाव मांडतो. दक्षिणेने एक इस्पिक बोलून सुरुवात केली, उत्तरेने दोन बदाम म्हटले, आणि शेवटी उत्तरेनेच सहा इस्पिकवर उडी घेतली. पूर्वेने डबल केला. उतारी पश्चिमेची. तिच्या हातात इस्पिकचं एक पान, बदामाची सहा (१०-९-७-५-४-३), चौकटची तीन किरकोळ आणि किलवरची राणी-गुलाम-दहा. डबल नसता तर किलवर राणी डोळे मिटून टेबलावर आली असती. दक्षिणेने ती मारली असती, हुकूम काढून घेतले असते आणि चौकटचा एक्का तेवढा देऊन बारा हात केले असते.

आता पश्चिमेने मोजायचं. माझे बदाम सहा, उत्तरेने दोन बदाम बोलून निदान पाच सांगितले, झाले अकरा. उरले दोन. ते दक्षिणेकडे असतील, तर भिडू बदामात कोरा! बदामाची उतारी, पूर्वेचा छोटा हुकूम, लगेच चौकटचा एक्का, आणि डाव एका हाताने बुडाला. उणे 980 च्या जागी अधिक 100. एका उतारीने 1080 गुणांचा फरक. दंडाच्या डबलमध्ये असा पल्ला कधीच नसतो.

या संकेतात काही चोरी नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तुमच्या जोडीचे संकेत प्रतिस्पर्ध्यांना कळण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. त्यांनी विचारलं तर डबलचा अर्थ सांगावाच लागतो. धोका नेमका इथेच आहे. वरच्याच डावात डबल ऐकून समोरचे सहा बिनहुकमीवर पळाले तर? हुकूमच नाही, मग पूर्वेचं कोरेपण काय कामाचं? इस्पिकचे पाच, बदामाचे चार, किलवरचे दोन आणि एक्का गेल्यावर चौकटचे हात, असे बारा आरामात होतात. म्हणून डबल करण्याआधी पूर्वेने स्वतःला विचारायला हवं: यांना पळायला जागा आहे का? जाणकार खेळाडूही इथे थबकतात.

आणि हे सगळं भिडूवरच्या भरवशावर चालतं. हातातली सुंदर राणी बाजूला ठेवून डमीच्या बळकट रंगात पान टाकायचं, म्हणजे समोरच्यावर केवढा विश्वास हवा! 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदा आलं आणि प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचं सुवर्ण जिंकलं. तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते, सरकार छप्पन्नचे, आणि दोघं अनेक वर्षांचे भिडू. पुढच्या हांगझोऊ स्पर्धेत मुंबईचे जग्गी शिवदासानी ज्या पुरुष संघात होते, त्याने रौप्य मिळवलं. गडचिरोलीत ब्रिजचा चौथा गडी मिळाला नाही तरी आता अडत नाही. ‘ब्रिज बेस ऑनलाइन’वर फोनवरून पुण्याच्या किंवा पोलंडच्या खेळाडूसमोर बसता येतं.

शिकणाऱ्यांनी एक बारकावा मात्र पहिल्यापासून अंगी बाणवावा. भिडू हुकूम मारणार हे ठरलं, तर बदामाचं कुठलं पान उतरायचं? हुकूम आणि बदाम वगळले की उरतात चौकट आणि किलवर, त्यांत चौकट वरचा रंग. दश्शी उतरली तर अर्थ होतो ‘चौकट परत कर’, तिर्री उतरली तर ‘किलवर’. वरच्या डावात चौकटचा एक्का पूर्वेकडेच होता, त्यामुळे फरक पडला नाही. पण पश्चिमेकडे किलवरचा एक्का असता, तर तिर्री उतरायची. पूर्वेने हुकूम मारून किलवर परत केली असती, पश्चिमेने एक्क्याने हात घेऊन पुन्हा बदाम उतरला असता, आणि पूर्वेचा दुसरा हुकूमही वसूल झाला असता.