फायरवॉल बंद करायची नाही

नगर-मनमाड रस्त्यावरच्या नागापूर एमआयडीसीत छोट्या वर्कशॉपांची सारी भिस्त एका शेअर्ड फोल्डरवर असते. डिझाइनवाला ड्रॉइंग तिथे टाकतो, सीएनसीचा प्रोग्रॅम तिथूनच उचलला जातो, चलनं आणि बिलंही तिथेच. ते फोल्डर उघडेनासं झालं की मशीन चालू असूनही जॉब लागत नाही. मग फोन येतो : "सर, सर्व्हर दिसत नाही. फायरवॉल बंद करून बघू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे : नाही. आधी नेमकं कुठे अडतंय ते बघू.

एका वर्कशॉपमध्ये सुट्टीच्या दिवशी राउटर बदलला आणि दुसऱ्या दिवशी एकाही पीसीवर सर्व्हर उघडेना. पिंग केलं तर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. केबल गेली, असं सगळ्यांचं मत पडलं. मी 'एआरपी -ए' ही कमांड दिली. यादीत सर्व्हरचा आयपी होता आणि त्याच्यासमोर त्याचा मॅक ॲड्रेसही होता. म्हणजे केबल, स्विच, लॅनकार्ड सगळं ठीक. सर्व्हर जागा आहे, फक्त बोलत नाही. विंडोजची फायरवॉल पिंगलाही अडवू शकते, त्यामुळे पिंग गेलं म्हणजे मशीन मेलं असं धरून केबल उपसत बसण्यात अर्थ नसतो.

विंडोजचं फाइल शेअरिंग एसएमबीवर चालतं आणि त्याचा पोर्ट टीसीपी ४४५. जुन्या नेटबायोस पद्धतीचे १३७, १३८ आणि १३९. पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन' देऊन पुढे सर्व्हरचा आयपी आणि पोर्ट ४४५ टाकला. कर्सर बराच वेळ नुसता थांबून राहिला आणि मग 'फॉल्स' आलं. हा थांबण्याचा वेळ नीट बघावा. नकार झटकन आला, तर आपण मशीनपर्यंत पोचलो पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. काहीच न येता वेळ संपला, तर बहुतेक वेळा फायरवॉलने विनंती गुपचूप टाकून दिलेली असते.

सर्व्हरवर बसून 'नेटस्टॅट -एएन' पाहिलं. ४४५ समोर 'लिसनिंग'. सेवा चालू होती. मग नेटवर्क प्रोफाइल उघडलं आणि कारण सापडलं : 'पब्लिक'. गेटवेचा मॅक ॲड्रेस बदलला की विंडोज ते नेटवर्क नवं समजून बहुधा 'पब्लिक' ठरवतं, आणि पब्लिक प्रोफाइलमध्ये फाइल शेअरिंगचे नियम बंद असतात. प्रोफाइल 'प्रायव्हेट' केलं, ऑफिसातल्या पीसीवर 'ट्रू' आलं.

पलीकडच्या शेडमधून मात्र अजून 'फॉल्स'च. तिथले पीसी १९२.१६८.२ च्या रेंजमध्ये, सर्व्हर १९२.१६८.१ मध्ये. प्रायव्हेट प्रोफाइलमधला तयार नियम फक्त 'लोकल सबनेट'ला आत घेतो. अशा वेळी लोक वैतागून 'एनी' निवडतात. तसं न करता नियमाच्या 'स्कोप'मध्ये ती एक रेंज लिहिली. काम झालं. यानंतरही एका पीसीवर 'ॲक्सेस डिनाइड' आलं, पण तो फायरवॉलचा विषयच नव्हता. तिथे फोल्डरची परमिशन द्यायची राहिली होती.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने एसएमबीतल्या दोषावर पॅच काढला. तो न टाकलेल्या मशीनांवर १२ मेपासून 'वॉनाक्राय' हा खंडणी मागणारा व्हायरस ४४५ मधूनच शिरला. २७ जूनच्या 'नॉटपेट्या' व्हायरसने तर पासवर्डही चोरले, त्यामुळे पॅच टाकलेली मशीनंही सुटली नाहीत. त्यात आपल्या न्हावाशेवा बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. दोष एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतला होता, आणि जुन्या विंडोजवर चालणाऱ्या मशीनसाठी तीच आवृत्ती आजही अनेक ठिकाणी सर्व्हरवर चालू ठेवली जाते. त्यापेक्षा त्या मशीनला प्रोग्रॅम पेनड्राइव्हने, स्कॅन करून, द्यावा. थोडा त्रास आहे, पण एका जुन्या मशीनपायी सगळा सर्व्हर उघडा पडत नाही.

मालकांना घरून फाइल हवी असते, म्हणून राउटरवर ४४५ फॉरवर्ड केलेला मी पाहिला आहे. हे कधीही करू नका. घरून काम करायचं तर व्हीपीएन घ्या. आज राउटरची पोर्ट फॉरवर्डिंगची यादी उघडा, आणि त्यात ४४५ किंवा १३९ असेल तर आधी तो काढा.