नाव शर्लीचं, ग्लास आपला!

कॅफेच्या मेन्यूकार्डवर 'शर्ली टेम्पल' दिसलं, की आपण मॉकटेल म्हणून ऑर्डर देऊन मोकळे होतो. जिंजर एल, लालचुटुक ग्रेनेडिन सिरप आणि वर एक चेरी. पण ही शर्ली कोण, हे कितीजणांना ठाऊक असतं?

शर्ली म्हणजे १९३०च्या दशकातली हॉलिवूडची लाडकी बालतारका. मोठ्यांच्या हातात कॉकटेल, मग या चिमुरडीसाठी बिनदारूचं काहीतरी हवं, म्हणून हे पेय बनलं असं सांगतात. त्याचं श्रेय घ्यायला एकाहून जास्त रेस्टॉरंट्स पुढे येतात. गंमत म्हणजे, खुद्द शर्लीला ते आवडायचंच नाही, फार गोड वाटायचं! १९८८ मध्ये तिच्या नावाने बाटलीबंद सोडा विकायला निघालेल्यांना तर तिने थेट कोर्टात खेचलं.

गोल्फपटू अर्नोल्ड पामरचं नेमकं उलट. आइस टी आणि लेमोनेडचं मिश्रण ही त्याची स्वतःची आवड. पुढे बाटलीबंद पेयासाठी त्याने आपलं नाव राजीखुशीने दिलं.

शर्ली मोठी होऊन घाना आणि चेकोस्लोव्हाकियात अमेरिकेची राजदूत झाली. मेन्यूकार्डवर मात्र ती अजून लहानच आहे. कुणाचं नाव वापरताना त्याला विचारायचं असतं, हे पुढच्या घोटाबरोबर आठवलं तरी पुरे!