सात ठिपक्यांचे रानझुरळ

झुरळ दिसले की आपला हात आधी वहाणेकडे जातो. त्यात नवल नाही. मोरीतले झुरळ घाणीतून फिरते आणि तेच पाय घेऊन भाकरीच्या दुरडीत शिरते. त्याला मारावेच. पण सगळी झुरळे मोरीतली नसतात. जगात झुरळांच्या साडेचार हजारांवर जाती आहेत. माणसाच्या घराच्या आसऱ्याने राहणाऱ्या त्यांत जेमतेम तीस. बाकीच्या बहुतेक रानात राहतात. पुष्कळशा पालापाचोळा खातात आणि त्याची माती करतात. आपल्या चुलीशी त्यांना काही कर्तव्य नसते.

अशाच एका रानझुरळाची ओळख आम्ही करून देतो. दक्षिण भारतातल्या झुडपी रानात ते राहते. अंग काळेभोर, लांबी सुमारे इंचभर, पाठीवर सात पांढरे ठिपके. एवढे देखणे, की परदेशांतले हौशी लोक ते मुद्दाम पाळतात. लिनियस नावाचा स्वीडन देशाचा थोर पंडित होऊन गेला. त्याने १७५८ साली या किड्याला शास्त्रीय नाव दिले, पण त्याला बसवले भुंगेऱ्यांच्या पंगतीत! दोष त्याचा नव्हे, किड्याचे रूपच तसे.

आता नीट लक्ष द्या, कारण इथे फसगत झाली तर डोळ्यांशी गाठ आहे. रानात सहा ठिपक्यांचा एक काळा भुंगेराही फिरतो. त्याला डिवचले की तो झोंबरे आम्ल उडवतो. ते डोळ्यांत गेले तर भयंकर आग होते. जाणते म्हणतात, झुरळाने याचेच सोंग घेतले असावे, म्हणजे खाणारे वाटेला जात नाहीत. मग ओळखायचे कसे? पाठ पाहा. भुंगेऱ्याच्या पाठीवरची दोन कवचे मधोमध सरळ रेघेत मिळतात, दाराच्या दोन फळ्या मिटाव्यात तशी. झुरळाचा एक पंख दुसऱ्यावर चढलेला असतो, बाराबंदीच्या पदरासारखा. भुंगेरा अंगाने मोठा, मान बारीक, जबडे दांडगे. शंका आली तर हात लावूच नका.

शोधायला पहाटे किंवा तिन्हीसांजेला जावे. उन्हाच्या वेळी ही स्वारी पाचोळ्याखाली नाहीतर भुसभुशीत मातीत दडते. पाला काठीनेच सारावा. फुरसे आणि विंचू यांचेही घर तेच. उचललेला दगड होता तसा ठेवावा. अभयारण्यातून किंवा राखीव रानातून वनखात्याच्या परवानगीवाचून काही आणू नये. आणायचीच तर चार-सहा पुरेत.

पाळायला रुंद तोंडाची काचेची बरणी घ्यावी. लोणच्याची असली तर नीट धुवावी, तेल राहता कामा नये. तळाशी चार बोटे माती, वर कुजलेला पाला. तोंडाला पातळ फडके बांधावे. वारा हवाच. फवारा मारलेल्या शेतातला पाला मुळीच घालू नये. तळची माती ओलसर असावी, वरची कोरडी चालते. खाणे म्हणजे तोच पाला, जोडीला गाजराचा किंवा केळ्याच्या सालीचा तुकडा. बुरशी धरण्याआधी तो काढून टाकावा. बरणी सावलीत ठेवावी, मुंग्यांपासून जपावी. हाताळल्यावर हात धुवावे. झुरळांच्या वासाने, विष्ठेने कुणाकुणाला शिंका येतात, दमाही उठतो. अशा घरात हा नाद नको.

हौस फिटली तर ज्या रानातून आणली त्याच रानात सोडावी.

मादी अंड्यांची पिशवी मातीत टाकते. पिले मातकट तपकिरी असतात, ठिपके मोठेपणी पंखांबरोबरच येतात. ती मातीत राहतात आणि मोठी व्हायला बरेच महिने घेतात. तोवर म्हातारी झुरळे मरून जातात आणि घरची माणसे म्हणतात, आता बरणी रिकामी झाली, ओता उकिरड्यावर. तसे करू नका. माती आधी हलक्या हाताने कागदावर पसरून बघा.